ऊस संपलेल्या बेटावर

आमचं घर गुळाच्या अडतीचं. करवीर तालुक्यात थोडी ऊसशेतीही आहे. त्यामुळे कॅरिबियनमधल्या सेंट किट्स आणि नेव्हिसला गेलो तो तिथल्या उसाची कहाणी बघायला. उद्यमनगरातले ओळखीचे कारखानदार मात्र या देशाचं नाव काढतात ते पासपोर्टसाठी.

1983 मध्ये स्वतंत्र झालेल्या या दोन बेटांची लोकसंख्या जेमतेम 50 हजार. एकट्या इचलकरंजीत असे पाच देश मावतील. गुलाम आफ्रिकी माणसांच्या घामावर इथे साखर उभी राहिली आणि साडेतीनशे वर्षं तिनेच देश पोसला. तोटा पेलेना, तेव्हा 2005 मध्ये सरकारने हा उद्योग बंद केला. ऊस वाहणारी रेल्वे मात्र मोडीत काढली नाही. आपल्या जुन्या मिरज-पंढरपूर गाडीसारखाच अडीच फुटी रूळ. त्यावरून आता दुमजली डबे पर्यटकांना फिरवतात. मी वरच्या मजल्यावर बसलो होतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुणी न लावलेला, रानोमाळ माजलेला ऊस, त्यात मळ्यांच्या पडक्या चिमण्या. उभा ऊस आणि तोडायला माणूस नाही, हे बघून पोटात कालवलं.

देशाला दुसरा आधार गुंतवणूकदारांचा. 1984 पासून इथे पैसे भरून नागरिकत्व मिळतं. सरकारी निधीत किमान अडीच लाख डॉलर भरावे लागतात. व्यक्तिगत उत्पन्नावर कर नाही. निर्यातीसाठी सतत फिरणाऱ्याला हे खुणावणारच. पण आपल्या 1955 च्या कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. मग मतदान नाही आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड काढलं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्याचा जीव रानात आहे, त्याने हा व्यवहार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या बेटाकडून घ्यायचं ते वेगळंच. ऊस गेल्यावरही त्यांनी उसाची वाट जगाला दाखवली आणि त्यावर पोट भरलं. आपला ऊस तर उभा आहे. गुऱ्हाळं मात्र एकेक करून बंद पडताहेत. अंबाबाईच्या दर्शनाला, पन्हाळ्याला येणारा पाहुणा बाजारातून गुळाची ढेप नेतो. त्याला काहिलीपाशी उभं करून ताजा रस, काकवी, गरम गूळ दिला, तर शेतकऱ्याच्या हातात चार पैसे जास्त पडतील. आमच्या रानातलं बंद गुऱ्हाळ येत्या हंगामात मी पुन्हा पेटवणार आहे. माझी गुंतवणूक तिथेच.