आमटी पातळ आहे

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांची नि माझी गाठ बांधावर पडली आहे. कधी बोंडअळीच्या निमित्ताने, कधी ठिबकच्या अर्जासाठी. आज मात्र शेतीचे नाही, घरचे सांगणार आहे.

आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. माझी आत्या मुंबईला लालबागच्या एका चाळीत खानावळ चालवीत असे. तिचे यजमान, आमचे मामा, गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्या मे महिन्यात मी शाळेच्या सुट्टीत आत्याकडे गेलो होतो.

पहाटे चारला तिचा रॉकेलचा स्टोव्ह पेटे. डाळ धुताना, कणीक मळताना ती हलक्या आवाजात बोलत राही. मला वाटे, म्हातारी आपल्याशीच पुटपुटते. एकदा विचारले, तर म्हणाली, "अरे, प्रभूशी बोलते. तो इथंच आहे ना, मग गप्प कशी राहू?" तांदूळ महागला, नळाला पाणी आले नाही, धाकट्याचा खोकला हटत नाही, सगळे त्याच्या कानावर घालायची. मागणे त्यात थोडेच असे.

रविवारी आम्ही बसने गिरगावला अंब्रोली चर्चच्या मराठी उपासनेला जात असू. आत्याला रेव्हरंड टिळकांचे अभंग पाठ होते. नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातले. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, पण अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडले नाही. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. ते ऐकून मी आत्याला विचारले, हा दरबार आता कुठे भरतो? तिने स्टोव्हकडे बोट दाखवले. मला ती थट्टाच वाटली.

संपाला चौथा महिना संपत आला होता. पंधरा-सोळा गडी जेवायला असत, आणि उधारीची वही भरत चालली होती. एके दिवशी डाळ कमी पडली. आत्याने आमटीत दोन तांबे पाणी जास्त ओतले, वर तिखट घातले. पाने मांडली, गडी बसले, आणि ही वाढायच्या आधी दारात उभी राहून म्हणाली, "आज आमटी पातळ आहे. डाळ नव्हती. आजचा खाडा धरा, पैसे लावणार नाही."

एक जण म्हणाला, "मावशी, आम्हाला काय कळणार होतं?"

"तुम्हाला नसतं कळलं. पण पाणी ओतलं तेव्हा मी एकटी नव्हते ना."

त्या रात्री मामा तिच्यावर फार रागावले. त्यांचेही चुकत नव्हते. घरात पगार नाही, आणि ही हातचे सोडते! दिवाळीनंतर खानावळ बंदच पडली.

पुढे राहुरीला कृषी विद्यापीठात शिकत असताना ब्रदर लॉरेन्स यांच्याविषयी वाचले. सतराव्या शतकातले हे बंधू पॅरिसच्या मठात स्वयंपाकी होते. पाय अधू, पुढे चपला शिवायचे काम केले. भांड्यांच्या खडखडाटातही ते प्रार्थनेइतकेच देवाजवळ असत. अरणच्या सावता माळ्यांना विठ्ठल मळ्यातच भेटला, तीच ही तऱ्हा. पण खरे सांगू? मठात राहून हे साधले त्याचे मला तितके नवल नाही. उधारीची वही सांभाळून साधणे अवघड.

मला स्वतःला ते फारसे साधलेले नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट तुम्ही विसरला नसाल. मी पंचनाम्याच्या पथकात होतो. त्या वेळी नुकसान ५० टक्क्यांच्या आत असेल तर मदत मिळत नसे. ही अट ३३ टक्क्यांवर आली ती २०१५ मध्ये. एका संध्याकाळी, दमलेलो असताना, ओढ्यापलीकडचा गहू मी अलीकडूनच पाहिला आणि ४० टक्के लिहून टाकले. अलीकडे माझ्या मित्राची डाळिंबाची बाग. चहा तिथेच झाला होता. तिथे ६० लिहिले.

रात्री जेवायला बसलो, पानात आमटी आली, आणि घास उतरेना.

कागद अजून माझ्याच पिशवीत होते. सकाळी तलाठी आणि ग्रामसेवक यांना पुन्हा घेऊन गेलो. काल ओढा ओलांडला नव्हता, हे सांगताना जीभ जड झाली. तलाठीभाऊ चिडले, पण आले. पलीकडचा गहू पार लोळला होता, ओंब्या तुटून दाणे मातीत गेले होते. तिथे ७० झाले. मग बागेत झाडे मोजली, मार लागलेली फळे मोजली. ६० चे ४० झाले. खोडून तिघांनी सह्या केल्या. मित्र बांधावर उभा होता, काही बोलला नाही.

त्याला मदत मिळाली नाही. दर नाताळला मी त्याच्याकडे फराळाचा डबा पाठवतो. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. त्याच्याकडून रिकामाच येतो.