एका पाहुण्याबरोबर चार

आमच्या नागोठण्याच्या बाजारात मासळीचा वाटा घेतला की मावशी वरून दोन मांदेली जास्त टाकते. भाजीबरोबर कोथिंबिरीच्या चार काड्या मिळतात. हे फुकट आपल्या डोळ्यांदेखत पिशवीत पडतं, आणि नको असेल तर "नको गं मावशी" म्हणता येतं. संगणकावर जे फुकट मिळतं, त्याची गोष्ट जरा निराळी असते.

गेल्या वर्षीचीच हकिगत सांगते. पाचवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. चेहरा अगदी एवढासा झालेला. "बाई, आमच्या कॉम्प्युटरला हजाराच्या वर रोग झालेत!" मला आधी हसूच आलं. पण पुढचं ऐकलं आणि हसू पळालं. शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका पीडीएफमध्ये होत्या. त्या उघडायला तिच्या दादाने 'फ्री पीडीएफ' असं शोधलं, सगळ्यात वर आलेलं पान उघडलं आणि तिथलं भलंमोठं हिरवं बटण दाबलं. पुढे नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. पीडीएफ उघडली खरी, पण तिच्याबरोबर चार पाहुणे घरात शिरले. शोधायचं पान बदललं, वर एक रंगीत पट्टी चिकटली, कोपऱ्यात हवामान सांगणारं काहीतरी आलं आणि चौथा आला 'सफाई करणारा'. हा चौथा लाल अक्षरांत ओरडत होता, की तुमच्या संगणकात हजारावर दोष आहेत, पैसे भरा म्हणजे काढतो! तिचे बाबा टेम्पो चालवतात. ते दोन हजार रुपये भरायलाच निघाले होते. "बाबा, आज नको, उद्या बाईंना विचारते," असं हिने त्यांना सांगितलं.

रविवारी मी त्यांच्याकडे गेले. पहिल्यांदा इंटरनेट बंद केलं. मग कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रॅमची यादी उघडून ती तारखेप्रमाणे लावली. पाचही जण एकाच दिवशी, एकामागून एक बसलेले! आगगाडीच्या डब्यांसारखे ओळीने उभे होते. एकेकाला काढून टाकलं, ब्राउझर पहिल्यासारखा केला आणि विंडोजमध्ये असलेल्या डिफेंडरकडून सगळी तपासणी करून घेतली. ते हजार दोष कुठले, ठाऊक आहे? असले सफाईवाले साध्या तात्पुरत्या फायली आणि जुन्या नोंदी एकेक मोजून आकडा फुगवतात. घरातल्या धुळीचे कण मोजून "तुमच्या घरात लाखभर संकटं आहेत" म्हणण्यातलाच प्रकार.

आता तुम्ही विचाराल, हे पाहुणे पाठवतं कोण? आणि कशासाठी? उत्तर सोपं आहे, पैशांसाठी. एखादी पट्टी एका संगणकावर बसली, की बसवून देणाऱ्याला ठरलेली रक्कम मिळते. एकेक रक्कम बारीक, पण माणसं लाखांनी! म्हणून तर 'मान्य आहे' या चौकटीत बरोबरची खूण त्यांनी आधीच करून ठेवलेली असते. आपल्या उत्तरपत्रिकेत दुसऱ्याच कोणी खुणा करून ठेवल्या, तर आपण चालवून घेऊ का?

यात मोठी नावंही सापडतात बरं का. नेटवर्क तपासणारी 'एनमॅप' ही प्रणाली गॉर्डन लायन यांनी फुकट दिलेली. २०११ च्या डिसेंबरात त्यांच्या लक्षात आलं, की डाऊनलोड डॉट कॉम या प्रसिद्ध ठिकाणी ती दुसऱ्याच वेष्टनात गुंडाळून, वर पट्टी चिकटवून दिली जातेय. त्यांनी जाहीर तक्रार केली. २०१५ मध्ये 'गिंप' या चित्रं काढायच्या प्रणालीच्या बाबतीत सोर्सफोर्ज या ठिकाणी तसाच प्रकार झाला. २०१६ मध्ये सोर्सफोर्जचे मालक बदलले, तेव्हा नव्या मालकांनी ही पद्धत बंद केली. खुद्द अडोबीच्या पानावरसुद्धा काही वर्षं रीडरबरोबर मॅकॅफीची वस्तू आधीच खूण करून ठेवलेली असे.

अडोबी म्हणजे पीडीएफची जन्मदाती. जॉन वॉरनॉक यांनी १९९१ मध्ये ही कल्पना मांडली. कागद कुठल्याही यंत्रावर उघडा, तो जसा लिहिला तसाच दिसायला हवा, अशी ती कल्पना. १९९३ मध्ये ती बाजारात आली. गंमत म्हणजे तेव्हा नुसती वाचायची प्रणालीसुद्धा विकत घ्यावी लागे! २००८ मध्ये पीडीएफ हे सर्वांना खुलं असलेलं आंतरराष्ट्रीय मानक झालं. मग काय, कोणीही वाचक-प्रणाली लिहावी. म्हणून तर आज इतक्या मिळतात.

त्यातली कुठली घ्यावी? माझं मत विचाराल तर नुसतं वाचायचं असेल तेव्हा काहीच घेऊ नका! फायरफॉक्समध्ये २०१३ पासून पीडीएफ तशीच उघडते, इतर ब्राउझरही ती उघडतात. विंडोज १० पासून छपाईच्या यादीत 'प्रिंट टू पीडीएफ' असतं, त्यामुळे पीडीएफ बनवायलाही वेगळं काही लागत नाही. तरी हवीच असेल, तर विंडोजवर 'सुमात्रा पीडीएफ' ही छोटीशी, चटकन उघडणारी प्रणाली मला आवडते. 'ऑक्युलर'ही छान आहे, तिला तर २०२२ मध्ये जर्मनीचं पर्यावरणाचं चिन्ह मिळालं. या दोन्ही नुसत्या मोफत नाहीत, मुक्त आहेत. इंग्रजीत दोन्हीला 'फ्री' हा एकच शब्द, आपल्याकडे मात्र दोन आहेत. मोफत म्हणजे पैसे नाहीत. मुक्त म्हणजे आत काय लिहिलंय ते कोणीही उघडून पाहू शकतो, बदलू शकतो. जिथे सगळे डोकावतात, तिथे पाहुणा लपवून ठेवणं अवघड जातं.

आणि घ्यायची ती तिच्या मूळ पानावरून. शोधात वर 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, ती जाहिरात असते. मोठं हिरवं बटण पुष्कळदा जाहिरातच असतं, खरा दुवा खाली बारीक अक्षरांत बसलेला असतो. बसवताना 'एक्सप्रेस' सोडून 'कस्टम' निवडा, म्हणजे लपलेल्या खुणा दिसतात आणि काढून टाकता येतात.

एक गोष्ट मला याहून जास्त सतावते. अर्जाबरोबर दाखला जोडायचा, तर तो ठरावीक केबींच्या आत हवा. मग घाईघाईत 'पीडीएफ लहान करा' म्हणणाऱ्या एखाद्या अनोळखी पानावर आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक सगळं चढवलं जातं. रस्त्यात भेटलेल्या माणसाच्या हातात आपण ही फाईल दिली असती का? लिबरऑफिस घरच्या संगणकावर असेल, तर फोटो त्यात टाकून पीडीएफ करताना चित्राची प्रत कमी करता येते. कागद घराबाहेर जातच नाही.

त्या मुलीने सराव प्रश्नपत्रिका ब्राउझरमध्येच उघडून सोडवल्या. मग ती ई-बालभारतीच्या पानावर वाचू लागली. परवा पुन्हा धावत आली. "बाई, एका जुन्या पीडीएफमधला उतारा कॉपी केला, तर सगळी वेडीवाकडी अक्षरं आली! पुन्हा पाहुणे आले का?" नाही आले. युनिकोड रुळण्याआधी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फाँट सोबत आहे तोवर ती मराठी दिसतात, उचलून दुसरीकडे ठेवली की मूळ रूपात येतात. हे कळल्यावर तिने वही काढली आणि उतारा हातानेच उतरवायला घेतला.