नोंद आणि गाऱ्हाणें

आमची एक भाची लंडनास असते. लग्नाला नऊ वर्षें झालीं तरी कूस उजवेना, म्हणून तिनें एका खाजगी दवाखान्यांत शरीराबाहेर बीज फळविण्याचा उपाय आरंभिला. महिन्याकांठीं जेथें एक बीज पिकावयाचें, तेथें औषधांच्या जोरावर दहापंधरा पिकवावयाचीं, असा तो प्रकार. बीजें काढलीं, सर्व यथास्थित झालें, असा तिचा दूरध्वनि आला. आणि चार दिवसांनीं मध्यरात्रीं जांवयांचा. पोट टम्म फुगलेलें, श्वास पुरेना, लघवी जवळजवळ बंद. रक्तवाहिन्यांतलें पाणी पोटांत झिरपतें, मागें उरलेलें रक्त दाट होऊन गुठळीचें भय उत्पन्न होतें, हें आम्हांस त्या रात्रीं प्रथम कळलें.

तिला नेलें तें घराजवळच्या सरकारी इस्पितळांत. बीजें काढणारा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोंकाला, आणि त्या वेळीं बंद. सगळी मेख आहे ती येथेंच. तिकडे १९९० च्या कायद्यानें या उपचारांवर देखरेख करणारें स्वतंत्र मंडळ स्थापिलें असून तें १९९१ पासून काम पाहतें. ही व्याधि तीव्र झाल्यास परवाना असलेल्या दवाखान्यानें मंडळास कळविलेंच पाहिजे असा दंडक आहे. पण आधीं दवाखान्यास कळलें तर ना! इस्पितळ पोटांतलें पाणी काढतें, आपल्या दप्तरीं लिहितें व रोग्यास घरीं पाठवितें. मंडळाचा परवाना दवाखान्यास असतो, इस्पितळास नव्हे. रोगीच मुका राहिला तर दवाखान्याच्या वहींत शिल्लक काय? सतरा बीजें निघालीं, एवढेंच.

ती उठून बसूं लागली तेव्हां आम्ही विचारलें, "त्यांना कळवलंस का?"

"मामा, माझे गर्भ त्यांच्याच बर्फांत आहेत. तक्रारखोर म्हणून नांव कशाला करून घेऊं?"

आमचा आवेश गळाला. कळविणें म्हणजे गाऱ्हाणें नव्हे, हें वाक्य ओठांवर होतें. पण ज्यांच्या हातीं आपलें उद्यांचें मूल आहे त्यांना लिहावयाचें, तेव्हां हा भेद कोणाला सुचतो? आपल्याकडेही २०२१ च्या कायद्यानें बीज देणाऱ्या स्त्रीचा विमा उतरविण्याची तजवीज केली आहे. पैशाच्या नडीनें बीज देऊन गांवीं परतलेल्या बाईचें पोट फुगलें, तर तिला कोणता मामा विचारणार?

महिन्याभरानें भाचीनें चार ओळी लिहिल्या व इस्पितळाच्या कागदाची नक्कल जोडली. उत्तर आलें: आभार, मंडळाकडे नोंद पाठविली आहे. सोबत गर्भ ठेवणुकीचें वार्षिक बिल होतें.