साखळीजवळचा पंच

क्रीडांगणावरील पंचाच्या वाट्याला एक चमत्कारिक कीर्ती येते. त्याचे काम चोख झाले तर तो कुणाच्या ध्यानातही राहत नाही. क्षणभर चुकला, तर हजारो कंठांतून एकाच वेळी त्याचा उद्धार होतो. खेळाडूंची चरित्रे उदंड लिहिली जातात, पंचाचे चरित्र क्वचितच. बर्ल टोलर यांचे आयुष्य मात्र आवर्जून सांगावे असे आहे.

टोलर यांचा जन्म १९२८ साली अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरी झाला. शाळा, बस, पाण्याचा नळ, सारे काही तेथे वर्णानुसार विभागलेले होते. तरुणपणी ते कॅलिफोर्नियात आले आणि सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून खेळू लागले. १९५१ च्या हंगामात या संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले. संघात कृष्णवर्णीय दोघेच होते: ऑली मॅटसन आणि टोलर. हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यासाठी दक्षिणेकडून विचारणा झाली, ती या दोघांना मागे ठेवण्याच्या अटीवर. संघाने ती अट साफ धुडकावली. त्या सामन्याच्या उत्पन्नाची विद्यापीठाला निकड होती. त्या हंगामानंतर फुटबॉलचा संघच बंद करण्यात आला. सहकाऱ्यांनी राखलेल्या मानाची किंमत अशी रोख चुकवावी लागली.

१९५२ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक संघाने टोलर यांची निवड केली. परंतु त्याच वर्षी एका प्रदर्शनीय सामन्यात त्यांचा गुडघा कायमचा जायबंदी झाला. खेळण्याचे दार मिटले. टोलर शिक्षक झाले आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या माध्यमिक शाळांतील पहिले कृष्णवर्णीय मुख्याध्यापक.

१९६५ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगने त्यांना पंच म्हणून नेमले. लीगचे तेव्हाचे आयुक्त पीट रोझेल हे १९५१ साली त्याच विद्यापीठाच्या क्रीडाप्रसिद्धीचे काम पाहत होते. तोवर व्यावसायिक संघांतून कृष्णवर्णीय खेळत होते. पण शिट्टी आणि रुमाल गोऱ्यांच्याच हाती होते. धावण्याची शक्ती मान्य करणे समाजाला सोपे गेले. निवाड्याची बुद्धी मान्य करायला वेळ लागला. एका कृष्णवर्णीयाने गोऱ्या खेळाडूचा अपराध भर मैदानात जाहीर करावा, यातच त्या नेमणुकीचे मर्म होते.

टोलर यांचे पद हेड लाइन्समनचे. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते आणि ते अंतर तेव्हा दोन काठ्यांमध्ये ताणलेल्या साखळीने मोजले जाई. ती साखळी सांभाळणाऱ्यांवर देखरेख ठेवणे, चेंडू नेमका कोठवर गेला ते हेरणे, कोणी वेळेआधी रेषा ओलांडली ते टिपणे, हे त्यांचे काम. धिप्पाड देहांच्या ढिगाऱ्याखाली सत्य दडलेले असते आणि ते क्षणार्धात सांगावे लागते. आठवडाभर शाळा आणि सुटीच्या दिवशी मैदान असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. पोरांच्या भांडणात आणि मातब्बर संघांच्या झुंजीत त्यांना एकच गुण लागत असणार: आवाज न चढवता निर्णयावर ठाम राहण्याचा.

जानेवारी १९८० मध्ये पॅसाडेना येथे झालेल्या चौदाव्या सुपर बोलमध्ये ते पंच होते. त्या अंतिम सामन्यात हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. १९८८ मध्ये जॉनी ग्रियर लीगचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य पंच झाले. पंचवीस हंगामांनंतर, १९८९ मध्ये टोलर निवृत्त झाले आणि २००९ मध्ये निवर्तले.

२०१७ मध्ये लीगने हेड लाइन्समन हे पदनाम बदलले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने एका वसतिगृहाला टोलर यांचे नाव दिले. तोवर ते जेम्स फेलन यांच्या नावाने ओळखले जाई. कॅलिफोर्निया गोऱ्यांचाच राहावा, असा प्रचार करून निवडणूक लढवणारे हे सिनेटर. साखळी पुन्हा एकदा ताणून पाहिली गेली आणि मोजमाप दुरुस्त झाले. त्याला सहासष्ट वर्षे लागली.