भोपाळचा कचरा गेला त्या वाटेने

मध्य प्रदेशात जाणाऱ्या मराठी प्रवाशाचा कार्यक्रम ठरलेला असतो. भोपाळचा बडा तलाव, सांचीचा स्तूप, भीमबेटकाची गुहाचित्रं आणि परतताना इंदूरच्या सराफ्यात रात्री उशिरापर्यंत खादाडी. मीही हे सगळं पाहिलं, खाल्लं. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला खरी ओढ होती ती वेगळ्याच रस्त्याची. १ जानेवारी २०२५ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातून १२ कंटेनर निघाले आणि कडक बंदोबस्तात सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर कापून पहाटे धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला पोहोचले. त्यांत ३३७ टन विषारी कचरा होता. जून अखेरपर्यंत तो तिथल्या भट्टीत जाळून झाला आणि भोपाळच्या कपाळावरचा चाळीस वर्षांचा डाग पुसला गेल्याचं सगळीकडे छापून आलं. या दोन टोकांना जे दिसतं त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे: डाग पुसलेला नाही. त्याचा एक लहानसा तुकडा एका गरीब वस्तीजवळून उचलून दुसऱ्या गरीब वस्तीजवळ नेला, एवढंच घडलं आहे.

आपत्तीची स्थळं बघत हिंडण्याचा मला तिटकारा आहे. तरीही जेपी नगरात कारखान्याच्या भिंतीसमोर थांबावंच लागतं. रस्त्याच्या कडेला रूथ वॉटरमन या डच शिल्पकर्तीने १९८५ मध्ये घडवलेला पुतळा आहे: पळणारी आई आणि तिची मुलं. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री इ-६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं, ही गोष्ट प्रत्येकाला माहीत आहे. तेवढीच माहीत असते, हीच अडचण. वायू वाऱ्यावर गेला, पण कारखान्याचं दुसरं विष त्याच्या आधीपासून जमिनीत मुरत होतं. १९७७ पासून कारखान्याचं सांडपाणी उत्तरेकडच्या तलावांत वाळवलं जाई. तळाला प्लॅस्टिकचं अस्तर होतं आणि ते गळत होतं. आवारातही कचरा पुरला जात होता. पुढे भोवतालच्या भूजलात क्लोरिनयुक्त संयुगं आणि कीटकनाशकांचे अवशेष सापडले, मातीत पारा सापडला. कित्येक हातपंपांवर पाणी पिण्यास अयोग्य असल्याच्या सूचना रंगवाव्या लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये या वस्त्यांना स्वच्छ पाणी देण्याचा आदेश दिला, म्हणजे दुर्घटनेनंतर वीस वर्षांनी. त्या वीस वर्षांत ज्यांनी ते पाणी प्यायलं त्यांतले अनेक जण वायुगळतीनंतर जन्मलेले होते. १९८९ च्या ४७ कोटी डॉलरच्या तडजोडीत त्यांना जागाच नव्हती, कारण ती तडजोड वायूची होती, पाण्याची नव्हे.

इथे नेहमीचा आक्षेप येतो की लोक स्वतःच्या मर्जीने कारखान्याला चिकटून राहिले, मग दोष कोणाचा? मर्जी हा शब्द मला इथे पटत नाही. शहरात ज्याला जागा विकत घेता येत नाही तो जिथून कोणी हुसकावत नाही तिथे राहतो, आणि कोणी हुसकावत नाही अशी जागा बहुधा नाला, रेल्वेचे रूळ किंवा कारखान्याची भिंत यांच्या शेजारीच असते. शिवाय सरकारने याच झोपड्यांना १९८४ च्या पूर्वार्धात पट्टे दिले होते. म्हणजे हा शेजार सरकारी शिक्क्याने कायदेशीर झाला आणि काही महिन्यांतच वायुगळती झाली. सावधगिरीची सूचनाही आधी मिळाली होती. राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने १९८२ पासून या कारखान्याच्या धोक्याबद्दल लिहून ठेवलं होतं. तेव्हा अज्ञानाची सबबही उरत नाही.

इंदूरमध्ये मी वैतागलो. देशातलं सर्वांत स्वच्छ शहर असल्याची जाहिरात तिथे जिकडेतिकडे वाचायला मिळते, आणि ती खोटी नाही, रस्ते खरोखरच चकचकीत आहेत. पण त्या चकचकाटापासून तासाभरावर पीथमपूर आहे, जिथे सगळ्या राज्याचा घातक औद्योगिक कचरा येतो, आणि प्रकल्पाला लागून तारपूरसारखं गाव आहे. भोपाळचा कचरा इथे जाळण्याच्या विरोधात ३ जानेवारी २०२५ रोजी पीथमपुरात बंद पाळला गेला, दोन आंदोलकांनी पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. ही भीती अडाणीपणाची होती, असं म्हणणाऱ्यांचं निम्मं म्हणणं मी मान्य करतो. कचरा भोपाळच्या कारखान्यातल्या शेडमध्ये कुजत ठेवणं धोक्याचंच होतं. तो कुठेतरी जाळावा लागणारच होता, आणि चाचण्यांत धुरातले घटक मर्यादेत असल्याचं सरकारी यंत्रणांनी न्यायालयाला सांगितलं. पण जाळल्याने पदार्थ नाहीसा होत नाही. चुना वगैरे मिसळल्याने ३३७ टनांची राख आणि अवशेष मिळून आठशे टनांहून अधिक झाले, आणि ते ठेवायला पुन्हा पीथमपूरच. हाच कचरा जर्मनीत हॅम्बुर्गला नेऊन जाळण्याची योजना २०१२ मध्ये चर्चेत होती आणि ती बारगळली. हॅम्बुर्गला नाही म्हणता येतं. तारपूरला विचारण्याची पद्धतच नाही.

पीथमपूरपासून महू जवळ आहे, आणि मराठी माणूस महूला जातो तो बाबासाहेबांच्या जन्मस्थळासाठी. मीही गेलो. ज्यांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हाती घेतलं, त्यांचा प्रश्न पाण्याच्या चवीचा नव्हता. सर्वांच्या मालकीच्या पाण्यावर कोणाचा हक्क आणि कोणाची गैरसोय, हे ठरवतो कोण, असा तो होता. विषारी कचऱ्याचा प्रश्नही तोच आहे. कोणती माती खराब व्हायची हे रसायनशास्त्र ठरवत नाही, सत्ता ठरवते.

आता राहिला सगळ्यांत मोठा आकडा. नीरी आणि एनजीआरआय या सरकारी संस्थांनी २०१० च्या अहवालात कारखाना आणि परिसरातली सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचं नोंदवलं आहे. गाजावाजा करून नेलेले ३३७ टन हे शेडमध्ये गोळा करून ठेवलेली पोती होती, माती तिथेच आहे. एवढी माती उचलणं अशक्य आहे, असं अधिकारी म्हणतील, आणि सगळी उचलणं खरोखरच शक्य नसेल. पण कुठे किती विष आहे याचा नकाशा उघड करणं, जागेवरच प्रक्रिया करणं आणि भूजलाची नियमित तपासणी लोकांसमोर मांडणं अशक्य नाही. प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसायचा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केलं. तरी युनियन कार्बाइड २००१ मध्ये विकत घेणाऱ्या डाऊ केमिकलने या जमिनीची जबाबदारी कधीच स्वीकारली नाही, आणि ३३७ टनांसाठी केंद्राने १२६ कोटी रुपये दिले ते तुमच्या-माझ्या करातून. भोपाळला जाल तेव्हा सांची अवश्य पाहा, सराफ्यात अवश्य खा. मात्र कचरा गेला असं कोणी सांगितलं तर एक प्रश्न विचारा: माती कधी?