मॉरिशसचं रिसॉर्ट आणि सुरसागरचा महादेव

महागड्या रिसॉर्टमध्ये राहायला मला आवडतं. आमच्या घरात हे वाक्य अजून जरा खालच्या आवाजातच म्हणावं लागतं. दांडिया बाजारातल्या ज्या घरात मी वाढलो, तिथे प्रवास म्हणजे एक तर कोणाचं तरी लग्न, नाही तर कुलदैवत. मुक्काम मावशीकडे, नाही तर भक्तनिवासात. ‘गादी सगळीकडे सारखीच’ हे बाबांचं ठाम मत. कंपनीच्या कामानं सात-आठ देश फिरल्यावर गादी सगळीकडे सारखी नसते हे मला कळलेलं आहे, पण वाद कशाला घाला?

कामासाठी मिळणारं हॉटेल आणि सुट्टीचं रिसॉर्ट यांत मात्र गल्लत करू नये. कामाच्या हॉटेलात चांगलं टेबल, चांगलं इंटरनेट, कपाटात इस्त्री, खिडकीतून पार्किंग. कुठल्याही शहरात उठलात तरी खोली तीच. रिसॉर्टमध्ये पैसे मोजतो ते दिवसभर काही ठरवावं लागू नये म्हणून. टॉवेल कुठे, चहा किती वाजता, मुलीला भूक लागली तर काय, हे सगळं दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. वर्षातून चार दिवस हे सुख घ्यायला हरकत नसावी. माझी युक्ती साधी आहे: जिथे कामाला जायचंच आहे तिथे शेवटी चार दिवस रजा जोडायची आणि बायको-मुलीला बोलावून घ्यायचं. माझं विमानभाडं कंपनीचं, रिसॉर्ट आपल्या खिशातून.

या मे महिन्यात हा योग मॉरिशसला आला. मुंबईहून थेट विमानानं सहा तासांच्या आसपास, घड्याळ दीड तास मागे करायचं, आणि पर्यटक म्हणून येणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांना आधी व्हिसा काढायची कटकट नाही. बडोद्यात अंगाची लाही होत असताना तिकडे हिवाळ्याची सुरुवात असते, म्हणजे आपल्या डिसेंबरासारखी हवा.

पहिले दोन आठवडे मी एबेनला होतो. उसाच्या शेतांवर २००० नंतर उभं केलेलं हे सायबर सिटी, भारताच्या कर्जसाहाय्यातून. आमचा क्लायंट विमा कंपनी. तिथली भाषेची सरमिसळ मला पहिल्याच दिवशी आवडली. कराराची कागदपत्रं इंग्रजीत, ई-मेल निम्म्या फ्रेंचमध्ये आणि कॅन्टीनमध्ये सगळे क्रिओलमध्ये. मीटिंगमध्ये माणूस तीन वाक्यांत तीन भाषा बदलतो आणि कोणाला काही वाटत नाही. बडोद्याच्या मराठी माणसाला हे लगेच समजतं. आम्हीही घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि ऑफिसात इंग्रजी बोलतो. पुण्याचे नातेवाईक आमच्या मराठीला हसतात ते वेगळं.

संध्याकाळी पावणेसहाला तिथे अंधार पडायचा आणि दुकानंही लवकर मिटायची. दुपारच्या जेवणाला मात्र मजा होती. रस्त्यावरच्या गाडीवर धोल पुरी मिळते: वाटलेली डाळ भरलेल्या पातळ, मऊ पोळ्या, दोन-दोनच्या जोडीनं, आत घेवड्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा भाजी आणि टोमॅटोची चटणी. बिहारच्या दालपुरीची ही वंशज. मला ती पुरणपोळीची तिखट बहीण वाटली. सेव-उसळीवर वाढलेल्या माणसानं यापेक्षा जास्त कौतुक करू नये, पण मी रोज खाल्ली.

मग घरची मंडळी आली आणि आम्ही ल मॉर्नला गेलो, बेटाच्या नैऋत्य टोकाला. जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून वारे वाहतात, तेव्हा पूर्व किनारा खवळलेला आणि गार असतो. त्या दिवसांत पश्चिमेकडचं ठिकाण घ्यावं. ल मॉर्नच्या टोकाला तरीही वारा लागतो, पतंगाला बांधून पाण्यावर धावणारे लोक त्याच्यासाठीच तिथे जमतात. दुसरं, खोली घेताना ‘हाफ बोर्ड’ म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढंच घ्यावं. ‘ऑल इन्क्लुझिव’ घेतलं की पैसे वसूल करण्याच्या नादात माणूस गेटाबाहेर पाऊलच टाकत नाही. शाकाहारी असाल तर आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघराला सांगून ठेवा. तिथल्या आचाऱ्यांना शाकाहार ही नवलाई नाही.

रिसॉर्टचं वर्णन मी फार करत नाही. फोटोत दिसतं तसंच असतं. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे आवाज. दूरवर पोवळ्यांची रांग आहे, लाटा तिथेच फुटतात. किनाऱ्यापाशी पाणी तळ्यासारखं शांत आणि लांबून एक सलग गाज. मी तीन दिवसांत लॅपटॉप उघडला नाही. बायकोनं एक जाड कादंबरी संपवली, लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणे. मागे ल मॉर्नचा ५५६ मीटर उंच काळा कडा. पळालेले गुलाम या डोंगरावर लपत. १८३५मध्ये गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर निघाले, ते पकडायलाच येताहेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी आठवण तिथे सांगतात. २००८पासून हा डोंगर जागतिक वारसा यादीत आहे. पोहण्याच्या तलावातून तो सतत दिसतो.

दुसऱ्या रात्री जेवणघरात एका वेटरनं टेबलांच्या यादीतलं आमचं आडनाव वाचलं आणि विचारलं, “तुमी मराठी?”

तिशीच्या आतबाहेरचा मुलगा, गाव कास्कावेल. पूर्वज रत्नागिरीकडचे, एवढं त्याला ठाऊक होतं. मराठी शाळेत विषय म्हणून शिकलेला, कारण तिथल्या सरकारी शाळांत मराठी शिकवतात. पण घरात क्रिओलच. पाच-सहा वाक्यांनंतर तो इंग्रजीवर आला. माझी सात वर्षांची मुलगी टक लावून ऐकत होती. त्यानं तिला मुद्दाम मराठीत विचारलं, “पानी पायजे?” तिनं उत्तर दिलं, “ना, मारे ज्यूस जोईए छे.” तो गोंधळून माझ्याकडे वळला. “ही कुठली मराठी? माझी आजी असं बोलत नव्हती.”

आम्ही हसलो, पण त्या हसण्यात बायकोची आणि माझी नजरानजर झाली. मुलीला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र गुजरातीत किंवा इंग्रजीत. आजी ओरडली की चार दिवस फरक पडतो, इतकंच.

त्यानं मग फोनवर गणपतीचे व्हिडिओ दाखवले. मातीची मूर्ती, ओढ्यावर विसर्जन, आणि गोल फेर धरून पायात चाळ बांधलेली माणसं नाचताहेत. त्याला ते ‘झाकरी’ म्हणतात. कोकणातली जाखडीच ती. लग्नाआधी गोंधळही घालतात. आरती त्याला अख्खी पाठ होती. मला तिसऱ्या कडव्यानंतर नुसतं गुणगुणावं लागतं. त्याच्याकडे गाणी पूर्ण टिकलेली आणि बोलणं गेलेलं. आमच्याकडे बोलणं अर्धंमुर्धं आहे आणि गाणी यूट्यूबवर. यातलं जास्त काय बरं, असा प्रश्न पडला तर माझं मत स्पष्ट आहे: मुलीनं मराठीत गाण्यापेक्षा मराठीत भांडावं. गाणी सणाला राहतात, भांडण रोज असतं. बायकोला हे पटलेलं नाही. तिच्या मते आधी गाणं आलं की भांडण आपोआप येतं.

परतीच्या आधी पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला. आधीचं नाव कुली घाट. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख माणसं भारतातून मजुरीच्या करारावर या बंदरात उतरली. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून, आणि मुंबईहून आलेल्यांत आपली कोकण-साताऱ्याकडची. आज उरल्यात १६ दगडी पायऱ्या आणि काही खोल्या. प्रवेश फुकट. महिना पाच रुपये आणि शिधा, साधारण पाच वर्षांचा करार, आणि एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचा. हे वाचताना मला माझं ऑनसाइटचं पत्र आठवलं आणि लाज वाटण्याऐवजी हसू आलं, कारण दोन्हींत ‘करार’ शब्द सोडून काहीच सारखं नाही. उतरलेल्या माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, जहाज असं सगळं नोंदवहीत लिहिलेलं. ती दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत, आणि १८६०च्या दशकापासूनचे काही फोटोही. तिथे पुष्कळदा पूर्वजाचं नुसतं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. समजा कोणी भिकाजी आला असेल, तर आज त्याचे पणतू-खापरपणतू सगळे भिकाजीच.

वाटेत गंगा तलाव लागला. बेटाच्या मधल्या पठारावरचं विवराचं तळं, भोवती धुकं, माकडं आणि चांगलाच गारठा. रस्त्याच्या कडेला ३३ मीटर उंच महादेव उभा आहे. गाडीतून तो दिसताच मुलगी ओरडली, “सुरसागर!” आणि ते खरंच आहे. बडोद्याच्या सुरसागरातल्या महादेवावरूनच हा केलेला आहे. आमच्या घरापासून पाच मिनिटांवरचा देव, ज्याच्याकडे रोज स्कूटरवरून जाताना आम्ही मान वर करूनही बघत नाही, तो सुमारे पाच हजार किलोमीटरवर कोरड्या जमिनीवर उभा. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “पाण्यात नाही का ठेवला?” मग विचारलं, “राहायला कुठे आहात? गादी बरी आहे ना?”

शेवटचा दिवस रविवार होता. मॉरिशसमध्ये किनाऱ्यालगतची पट्टी सरकारी, हॉटेलं ती भाडेपट्ट्यानं घेतात, आणि वाळू सगळ्यांची. त्यामुळे रिसॉर्टच्या खुर्च्या संपतात तिथून शंभर पावलांवर सुरूच्या झाडांखाली गावातली कुटुंबं पातेली, चटया, ढोलकं घेऊन बसली होती. अगदी आपल्या कोकणासारखी सुरूची बनं. मुलगी तिथल्या पोरांबरोबर पाण्यात गेली ती दोन तास आलीच नाही. कुठल्या भाषेत खेळली, तिलाही सांगता येईना.

निघताना तो वेटर भेटायला आला. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, पण रिसॉर्टला नसते, म्हणून तो रजा सहा महिने आधी टाकतो. म्हणाला, पुढच्या वेळी तेव्हा या, कास्कावेलला, घरी. मी मनातल्या मनात रिलीजच्या तारखा बघायला लागलो, पण बायकोनं लगेच खरी अडचण काढली. आमच्याकडे दांडिया बाजारात घरचा गणपती असतो, तो कोण बसवणार?

“घेऊन या इकडे,” तो म्हणाला. “आमच्या म्हाताऱ्यांनी आणलाच ना.”

बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.