मे महिन्यातला तास

हाफ ट्रायथलॉनसाठी आठवड्याला किती तास द्यावेत, असं नागपुरात कुणी विचारलं की मी हल्ली उलट विचारतो: कोणत्या महिन्यात? माझ्याकडे प्रशिक्षणासाठी येणारे बहुतेक आता चाळिशी-पन्नाशीचे आहेत आणि त्यांच्या वयानेच मला या प्रश्नाकडे वळवलं. विशीतलं शरीर न जुळणारा सरावाचा तक्ताही पचवतं. पन्नाशीचं शरीर त्यातली खोट दोन आठवड्यांत उघडी पाडतं. गोव्यातली ७०.३ ही हाफ ट्रायथलॉन स्पर्धा २०१९मध्ये सुरू झाली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. ती येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तिथून वीस-चोवीस आठवडे मागे मोजले की पाया घालायची वेळ मे-जूनमध्ये, नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांच्या, आसपास येते. युरोप-अमेरिकेत लिहिलेले तक्ते थंडीत पाया घालतात आणि उन्हाळ्यात शर्यतीला उतरवतात. तोच तक्ता इथे लावला, तर पायाचे लांब, संथ तास नेमके वर्षातल्या सर्वांत होरपळणाऱ्या दिवसांत येतात. माझं म्हणणं असं की मेमधला तास आणि सप्टेंबरमधला तास एकाच मापाने मोजू नयेत, आणि मोजले तर त्या बेरजेवर भरवसा ठेवू नये.

नागपुरात मेअखेरीस दुपारचा पारा ४५च्या पुढे जातो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तक्ता बिघडवते ती रात्र. किमान तापमान तिशीच्या आसपास अडलेलं असतं, त्यामुळे पहाटे पाचला निघणाऱ्यालाही थंडावा मिळत नाही आणि ज्या झोपेत कालचा व्यायाम अंगी लागायचा ती झोपच तुटक होते. उष्ण हवेत शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं आणि वेग तोच ठेवला तरी ठोके वाढत जातात. म्हणजे ठोक्यांच्या हलक्या पट्ट्यात, झोन टूमध्ये, सुरू झालेली राइड तासाभरात, वेग न वाढवता, झोन थ्रीमध्ये पोचते. वॉटवर आधारलेल्या गुणांना यातलं काही दिसत नाही. म्हणून मी व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची साधी रीत वापरतो: व्यायाम संपल्यावर तो किती जड गेला याला शून्य ते दहात गुण द्यायचे आणि त्यांनी मिनिटांना गुणायचं. आठवड्याचे दहा तास, म्हणजे ६०० मिनिटं, सप्टेंबरात चार गुणांनी गेली तर २,४०० होतात. तीच मिनिटं मेमध्ये सहा गुणांनी गेली तर ३,६००. म्हणजे मेच्या दहा तासांनी सप्टेंबरच्या पंधरा तासांचा भार दिला. हे गुण मनाने दिलेले असतात, हा आक्षेप मला मान्य आहे. पण उकाडा, अपुरी झोप आणि ऑफिसचा ताण एकत्र मोजणारं दुसरं साधन माझ्या पाहण्यात नाही.

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा, की उन्हात कसरत केल्याने शरीर कणखर होतं, मग मे वाया का घालवायचा? उष्णतेची सवय होते हे खरंच आहे. दहा-चौदा दिवस रोज तास-दीड तास बेताने केलं की रक्तद्रव वाढतो आणि घाम लवकर सुटू लागतो. पण ऊन सुटलं की ही सवय काही आठवड्यांत ओसरते. मेमध्ये कमावलेली नोव्हेंबरपर्यंत टिकत नाही. शिवाय नागपूरचा मे कोरडा असतो, घाम वाळतो. गोव्याची हवा दमट, तिथे घाम अंगावरच राहतो. गोव्याशी जुळतात ते आपले जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर. दुसरा प्रतिवाद डॉ. अमित समर्थ यांच्या नावाने येतो, आणि नागपुरात ते नाव घेतलं की वाद मिटला असं समजतात. त्यांनी २०१७ साली रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत, सुमारे ४,८०० किलोमीटर, एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण ती शर्यत जूनमध्ये असते आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातून जाते. तिच्या तयारीला नागपूरचा मे अगदी चपखल बसतो. नोव्हेंबरात मिरामारच्या पाण्यात उतरणाऱ्याला तो बसत नाही.

म्हणून माझा तक्ता असा: मेमध्ये सहा-सात तास, त्यातले जास्तीत जास्त पोहण्याचे, एकच लांब राइड, तीही अडीच तासांच्या आत. तासांची खरी चढण पाऊस लागल्यावर. ही चढण किती असावी, इथे मी अजून अडतो. आठवड्याला दहा टक्के, हा नियम सगळे देतात. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात नवख्या धावपटूंच्या दुखापती त्या नियमाने कमी झाल्या नाहीत. पुण्याहून येणाऱ्या तयार तक्त्यांत मात्र तोच नियम एप्रिलपासून सुरू असतो. पुण्याच्या थंड रात्रींत तो निभतो, इथे निभत नाही. आणि स्ट्राव्हा ॲपने आठवड्याची बेरीज चारचौघांत मांडायची वस्तू करून टाकल्यापासून कमी आकडा लिहून देणारा प्रशिक्षक कमी मेहनतीचा ठरू लागला आहे. हे मला सलतं, कारण मोठ्या आकड्याचा मोह मलाही आहे. चौदा तासांचा आठवडा कागदावर भारदस्त दिसतो; तो लिहून देताना मी स्वतःलाच मोठा गुरू वाटतो. दमलेल्या शिष्याची कौतुकाने भरलेली नजर मला आवडते. मेचे सहा तास शास्त्राने पुरेसे आहेत हे मी कुणालाही पटवून देऊ शकतो, पण ते लिहिताना आपण काहीतरी कमी दिलं ही भावना माझ्या मनातून अजून जात नाही.